सोन्याचा काटा : निवड आणि पारख



न्याय ह्या विषयावर बोलायचे झाले म्हणजे वक्ते बहुधा राज्यघटनेकडे वळतात, न्यायालयाकडे वळतात. माझी मजल तेवढी नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या हिशेबवह्या चाळताना अधिक झाले. त्या वह्यांत एक गोष्ट मला वारंवार दिसली, ती ही की गरीब माणसाचा न्याय पुष्कळदा कोर्टात जाऊन पोचतच नाही. तो त्याच्या आधीच, टेबलावर ठेवलेल्या एका काट्यावर होऊन जातो. म्हणून आज मी काट्याविषयी बोलणार आहे. धान्याच्या किंवा हळदीच्या पोत्याच्या काट्याविषयी नव्हे, तर ज्यावर गुंजभराचाही हिशेब करावा लागतो त्या सूक्ष्म वजनाच्या काट्याविषयी. असा काटा घ्यायचा तर काय पाहून घ्यावा, घेतल्यावर तो खरा बोलतो की नाही हे कसे पारखावे, आणि ती पारख करण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न मी क्रमाने घेणार आहे.

हा विषय आपल्याच भागात का?

सूक्ष्म काट्याशी सांगली-साताऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मोठा आहे. विटा, खानापूर, आटपाडी आणि तिकडे साताऱ्याच्या बाजूला माण, खटाव ह्या पट्ट्यात पाऊस कमी. पिकाचा भरवसा नाही, म्हणून पोरे घर सोडून बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली. आज केरळापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत सराफ कट्ट्याच्या आसपास चौकशी केलीत, तर जुने दागिने वितळवून शुद्ध सोने काढून देणारा माणूस पुष्कळ ठिकाणी आपल्या बोलीत उत्तर देईल.

गलाईचे काम थोडक्यात असे. जुना दागिना मुशीत घालून टाकणखाराबरोबर आटवतात. त्यात सोन्याच्या सुमारे तिप्पट होईल इतकी चांदी मिसळून त्याचे बारीक तुकडे किंवा पत्रे करतात. मग ते शोऱ्याच्या तेजाबात टाकतात. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळते आणि सोने तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपाने उरते. ती भुकटी धुऊन, वाळवून पुन्हा आटवली की शुद्ध सोन्याची लगड तयार होते. विरघळलेली चांदी नंतर तांब्याच्या पत्र्यावर परत धरतात. जमिनीवरची धूळ, मुशीचे तुकडे, हात धुतलेले पाणी हेही फेकून देत नाहीत. झारेकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ह्याच धुळीतून पोट भरले आहे.

ह्या सगळ्या प्रवासात वजन किती वेळा होते ते पहा. दागिना आला तेव्हा एकदा, आटवल्यावर एकदा, कसाचा नमुना काढताना एकदा, शुद्ध लगड झाल्यावर एकदा आणि कारागिराच्या हाती देताना व घेताना प्रत्येक वेळी. दिलेले आणि परत आलेले ह्यांतला फरक म्हणजे घट. थोडी घट मान्य असते. मान्य घटीपेक्षा जास्त भरली की प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळ ठिकाणी कामगाराच्या पगारातून वसूल होते. म्हणून काटा किती बारीक आणि किती खरा, हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही.

गुंज, ग्रेन आणि ग्रॅम

आपले वाडवडील आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा धरीत, म्हणजे तोळ्यात शहाण्णव गुंजा. गुंज हे वेलीवरचे लालकाळे बी. सगळ्या गुंजा अगदी सारख्या भरतात असा समज आहे, पण मूठभर गुंजा आजच्या बारीक काट्यावर एकेक करून टाकल्या तर तो समज लगेच मोडतो. जुना सोनार म्हणूनच गुंजा निवडून, जुळवून घेई.

इंग्रजांकडे गुंजेच्या जागी ग्रेन होता. ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. आजच्या मापात तो ११.६६४ ग्रॅम होतो. त्या हिशेबाने गुंज सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची आणि ग्रेन ६४.८ मिलिग्रॅमचा. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात लागू झाली आणि तोळा, मासा, गुंज कायद्यातून गेली. बोलण्यातून मात्र ती गेली नाहीत. आज दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम समजतात. आजीच्या काळच्या चिठ्ठीवरचा तोळा मात्र पावणेबारा ग्रॅमच्या जवळचा. जुन्या चिठ्ठीवरून दागिन्याचे वजन ताडून पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, नाहीतर विनाकारण कोणावर तरी आळ येतो.

ग्रेन अजून एका धंद्यात जिवंत आहे, तो म्हणजे बंदुकीच्या काडतुसांचा. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे हे आपणांस ठाऊक असेल. परदेशांत नेमबाजीचे कित्येक शौकीन आपली काडतुसे स्वतः भरतात आणि त्यासाठी दारू तोलण्याचा खास छोटा काटा विकत घेतात. तो काटा ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. सोनार आणि नेमबाज, धंदे किती वेगळे! पण काटा निवडताना दोघांनाही एकाच कोड्यात पडावे लागते. त्या कोड्याकडे आता वळू.

खरे वजन आणि सारखे वजन

नेमबाजाच्या एका काडतुसात दोन-तीन ग्रॅम दारू असते. त्याला हवे असते ते हे की प्रत्येक काडतुसात ती अगदी सारखी पडावी. एकात थोडी जास्त, दुसऱ्यात थोडी कमी झाली तर गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या निशाणावर गोळ्या वरखाली पडतात. समजा, त्याचा काटा प्रत्येक वेळी ठरावीक दोन मिलिग्रॅम जास्तच दाखवतो. निशाणाच्या दृष्टीने त्याचे फारसे बिघडत नाही, कारण चूक रोज तीच आहे. पण काटा एकदा दोन मिलिग्रॅम जास्त आणि एकदा चार मिलिग्रॅम कमी असा डोलू लागला, तर त्याचा नेम गेलाच.

सोनाराचे तसे नाही. त्याला वजनाचे पैसे मोजायचे असतात. त्याचा काटा दिवसातून शंभर वेळा एकच आकडा दाखवील, पण तो आकडा जर पन्नास मिलिग्रॅमने खोटा असेल, तर शंभरही वेळा कोणीतरी बुडाला.

म्हणजे काट्याच्या अंगी दोन वेगळे गुण असतात. एक खरेपणा आणि दुसरा सारखेपणा. ह्याशिवाय तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे आकड्यांची बारकाई. काटा शेवटचा आकडा किती लहान दाखवतो ही ती बारकाई. दुकानदार विकताना हीच सांगतो: ‘‘साहेब, हा एक मिलिग्रॅम दाखवतो.’’ दाखवतो हे खरे, पण दाखवणे म्हणजे जाणणे नव्हे. मनगटावरचे घड्याळ सेकंद दाखवते म्हणून ते दहा मिनिटे मागे नसेल असे थोडेच आहे? काटा निवडताना माणसे फसतात ती बहुधा ह्याच ठिकाणी. जास्त आकडे असलेला स्वस्त काटा घेतात आणि शेवटचे दोन आकडे वाऱ्यावर नाचत असतात.

काट्यांच्या जाती

बाजारात मुख्यत्वे तीन जातींचे काटे मिळतात.

पहिला दांडीचा. दोन पारडी, मध्ये धार आणि वर जीभ. उत्तम काट्याची धार अकीकाच्या दगडावर टेकलेली असते, म्हणजे घर्षण कमी. दांडी जितकी लांब, हलकी आणि ताठ तितका काटा हळवा. हा काटा वजनाशी वजन ताडून पाहतो. त्याला वीज लागत नाही, तो तापत नाही, आणि त्याची लबाडी डोळ्यांना दिसते. दोष एवढाच की तो सावकाश चालतो आणि धार बोथटली की आळसावतो.

दुसरा लोडसेलचा. ताटलीखाली धातूचा एक ठोकळा असतो. भार पडला की तो किंचित वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि त्या बदलाचा आकडा आपल्याला दिसतो. भाजीच्या गाडीपासून उसाच्या गाडीकाट्यापर्यंत आजचे बहुतेक काटे ह्याच जातीचे. स्वस्त, दणकट आणि झटपट. पण ऊन-थंडीने ठोकळ्याचा स्वभाव बदलतो आणि भार बराच वेळ ठेवला तर आकडा हळूहळू सरकतो.

तिसरा विद्युतचुंबकाचा. ह्यात लोहचुंबकाच्या क्षेत्रातली तारेची गुंडाळी ताटलीला उचलून धरते. तिला किती प्रवाह द्यावा लागला त्यावरून वजन कळते. हा महाग, पण मिलिग्रॅम आणि त्याखालचा हिशेब विश्वासाने करणारा. हॉलमार्कच्या केंद्रात सोन्याचा कस भट्टीवर काढतात, तेव्हा नमुना जेमतेम पाव ग्रॅमचा असतो आणि तो मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोलावा लागतो. तिथे ह्या जातीला पर्याय नाही. पाव ग्रॅमच्या नमुन्यात एक दशांश मिलिग्रॅमची चूक झाली, तर कसात हजारात ०.४ चा फरक पडतो. एका किलोच्या लगडीवर तो ०.४ ग्रॅम झाला. हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमचा भाव दहा हजार रुपये धरा, म्हणजे चार हजार रुपयांची उलाढाल डोळ्यांना न दिसणाऱ्या कणावर झाली.

गावोगावचे ओझे वेगळे

दांडीचा काटा आणि विजेचा काटा ह्यांत एक मूलभूत भेद आहे, आणि गावोगाव हिंडणाऱ्या गलाईवाल्याने तो पाठच केला पाहिजे. दांडीचा काटा वस्तू आणि वजन ह्यांची तुलना करतो. पृथ्वी दोन्ही पारड्यांना सारखेच ओढते, त्यामुळे तो विट्याला जे सांगेल तेच काशीला सांगेल. विजेचा काटा मात्र पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते ते मोजतो. ही ओढ सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्ताकडे ती कमी, ध्रुवांकडे जास्त. सखल जागी जास्त, डोंगरावर कमी.

फरक किती? दिल्लीला जुळवलेला काटा जसाच्या तसा उचलून कोचीला नेला, तर १०० ग्रॅमचे खरे वजन तो सुमारे ९९.९० ग्रॅम दाखवील. म्हणजे जवळजवळ शंभर मिलिग्रॅम गायब. इतके लांब कशाला, साताऱ्याहून महाबळेश्वरला नेला तरी शंभर ग्रॅममागे दहा-वीस मिलिग्रॅमचा फरक पडतो. सोने कुठेच गेलेले नसते, कमी झालेली असते ती फक्त ओढ. म्हणून विजेचा काटा गाव बदलला की नव्या जागी प्रमाणित वजनाने पुन्हा जुळवून घेतलाच पाहिजे. काही चांगल्या काट्यांत आतच एक वजन असते आणि कळ दाबली की काटा स्वतःला जुळवून घेतो. परगावी धंदा करणाऱ्याने चार पैसे जास्त देऊन असाच काटा घ्यावा.

ह्याचा प्रत्यय मला एका तक्रारीत आला. दक्षिणेकडील एका गावी आपल्या भागातील एक तरुण गलाईच्या दुकानात कामाला होता. शंभर ग्रॅमच्या आसपास माल दिला की परत करताना दर वेळी ऐंशी-नव्वद मिलिग्रॅम जादा घट निघे आणि ती त्याच्या नावे मांडली जाई. पोरगा चोर ठरत आला होता. मी गेलो तेव्हा मालकाशी वाद घातला नाही. मुद्रांकित शंभर ग्रॅमचे वजन मागवले आणि एवढेच विचारले की माल देता कोणत्या काट्यावर आणि घेता कोणत्या काट्यावर? पुढच्या टेबलावर एक काटा होता, मागे भट्टीच्या खोलीत दुसरा. पुढच्यावर वजन ठेवले, १००.०० आले. मागच्यावर ठेवले, ९९.९१ आले. मागचा काटा मालकाच्या उत्तरेकडील दुकानातून आणलेला होता आणि आल्यापासून कोणी जुळवलेला नव्हता. मालकही चकित झाला. त्या दुकानात कोणीच चोर नव्हता, पण कामगाराची मजुरी मात्र महिनोन्‌महिने चोरीला जात होती. वही पुन्हा मांडली गेली आणि कापलेले पैसे त्याला परत मिळाले.

घेताना काय पाहावे?

आता मुद्द्याच्या गोष्टी सांगतो.

आधी स्वतःला विचारावे की किती फरकाने माझे नुकसान होते. वर धरलेल्या भावाने दहा मिलिग्रॅमचे शंभर रुपये होतात. महिन्याला वीस वेळा देवघेव होत असेल आणि दर वेळी वीस मिलिग्रॅम एकाच बाजूने चुकत असतील, तर महिन्याचे चार हजार झाले. मजुराच्या घरात चार हजार म्हणजे महिन्याचा किराणा. त्या हिशेबाने बारकाई ठरवावी.

मग काट्यावरची पाटी वाचावी. तिच्यावर कमाल वजन, किमान वजन, तपासणीचा अंश आणि रोमन आकड्यात वर्ग लिहिलेला असतो. वर्ग चार आहेत. किराण्याला तिसरा वर्ग चालतो. सोन्याचांदीला दुसरा किंवा त्याहून वरचा पाहिजे. तपासणीचा अंश हा नुसत्या शेवटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा, कारण कायदा चूक मोजतो ती ह्या अंशावर. उदाहरण घ्या. दुसऱ्या वर्गाच्या काट्याचा अंश १० मिलिग्रॅम आहे. शंभर ग्रॅमला पडताळणीच्या वेळी त्याला एका अंशाची, म्हणजे १० मिलिग्रॅमची इकडे-तिकडे सूट आहे. पुढे वापरात ती दुप्पट, म्हणजे २० मिलिग्रॅम. अशा काट्याच्या आकड्यावरून पंधरा मिलिग्रॅमसाठी कोणाला चोर म्हणणे हा अन्याय आहे, मग काट्यावर आकडे कितीही असोत. तसेच त्याच काट्याचे किमान वजन २०० मिलिग्रॅम. त्याखालचा कण त्यावर तोलूच नये.

कमाल वजन गरजेपुरतेच असावे. दोन किलो उचलणाऱ्या काट्यावर नथीचा मोती तोलू नये. गाडीकाट्यावर नारळ तोलण्यासारखेच ते.

शेवटी, काटा खोक्यात बघून घेऊ नये, चालवून घ्यावा. त्यासाठी सहा कसोट्या पुरेत.

पहिली कसोटी सारखेपणाची. काटा अर्धा तास चालू ठेवून स्थिर होऊ द्यावा. मग एकच वजन दहा वेळा ठेवावे, उचलावे, आणि दर वेळचा आकडा लिहावा. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान ह्यांतला फरक, हा त्या काट्याचा खरा स्वभाव.

दुसरी बेरजेची. वीस, वीस आणि दहा ग्रॅमची वजने एकत्र ठेवावीत आणि मग पन्नासचे एकटे ठेवावे. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. मधल्या वजनांना खोटा आणि टोकांना खरा असाही काटा असतो, तो इथे सापडतो.

तिसरी कोपऱ्यांची. तेच वजन ताटलीच्या मध्यभागी आणि मग चारी कडांना ठेवून पाहावे. जागा बदलली की बोलणे बदलणारा काटा घेऊ नये.

चौथी सरकण्याची. वजन पंधरा मिनिटे तसेच ठेवून आकडा सरकतो का पाहावे. उचलल्यावर शून्य शून्यावर परत येते का, तेही पाहावे.

पाचवी भुरभुरीची. ही नेमबाजांकडून शिकण्यासारखी आहे. पुष्कळ विजेचे काटे लहानसा फरक आपल्या मनाने शून्यात मुरवून टाकतात, म्हणजे आकडा स्थिर दिसावा. त्यामुळे चिमटीने कण कण टाकत गेले तर काही कण हिशेबात धरलेच जात नाहीत. म्हणून सोन्याची भुकटी किंवा कीस हळूहळू टाकावा आणि शेवटी भांडे उचलून पुन्हा ठेवावे. आकडा बदलला तर समजावे की काटा मधल्या काळात डुलकी घेत होता.

सहावी वाऱ्याची. पंखा चालू करून पाहावे. काचेचे झाकण नसलेला मिलिग्रॅमचा काटा पंख्याखाली कामाचा नाही.

घेतल्यानंतरची काळजीही थोडक्यात सांगतो. काटा दगडी कट्ट्यावर ठेवावा आणि त्याचा बुडबुडा मध्यभागी आणावा. भट्टीतून निघालेली गरम लगड कधीही लगेच तोलू नये. तिच्याभोवतीची तापलेली हवा वर चढते आणि ताटलीखालचा भागही तापतो, त्यामुळे आकडा खोटा होतो. प्लास्टिकच्या पुडीला घासून वीज चढते आणि काटा बहकतो, म्हणून धातूची वाटी वापरावी. प्रमाणित वजने बोटांनी धरू नयेत, चिमट्याने धरावीत, कारण बोटांचा तेलकटपणासुद्धा मिलिग्रॅमच्या हिशेबात येतो. वजनांनाही वर्ग असतात. शंभर ग्रॅमच्या वजनाला एका वर्गात पाच मिलिग्रॅमची सूट, त्यावरच्या वर्गात १.६ ची आणि त्याहीवरच्या वर्गात अर्ध्या मिलिग्रॅमची. ज्याच्यावर काटा पारखायचा ते वजन काट्यापेक्षा निदान तिप्पट खरे असावे.

खोट्या काट्यावर खरे वजन

जुना दांडीचा काटा ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो मोडीत घालू नये. त्याची दांडी दोन्ही बाजूंना सारखी नसेल, पारड्यात पासंग बांधलेला असेल, तरी त्यावर खरे वजन काढता येते. वस्तू डाव्या पारड्यात ठेवा. उजव्या पारड्यात वाळू टाकून जीभ मध्यावर आणा. आता वाळूला हात न लावता वस्तू काढून घ्या आणि तिच्याच जागी, त्याच पारड्यात, प्रमाणित वजने टाकत जीभ पुन्हा मध्यावर आणा. वस्तू आणि वजने ह्यांनी एकाच वाळूचा तोल सांभाळला, म्हणून दोन्ही सारखी. दांडी वाकडी असो की पारडे जड, उत्तर खरेच येते. अठराव्या शतकात बोर्दा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ही रीत प्रसिद्ध झाली. ती कळायला पदवी लागत नाही, मूठभर वाळू लागते.

ह्या रीतीतच आजच्या विषयाचे सार आहे. काटा कितीही खोटा असो, त्याच जागी, त्याच वेळी, आपल्या खात्रीचे वजन ठेवून पाहण्याची मुभा असली की अन्याय टिकू शकत नाही. आणि ती मुभा नसली तर लाखाचा काटाही मालकाच्या शब्दाहून मोठा ठरत नाही.

पारख करण्याचा अधिकार कोणाचा?

काट्यावरची लबाडी नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारांच्या चोरीचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला तराजूतल्या लबाडीचा. वजनमापांवर देखरेखीसाठी त्याने स्वतंत्र अधिकारीही नेमायला सांगितला आहे. आज २००९ चा वैधमापनाचा कायदा आहे. विजेच्या काट्याची दरवर्षी पडताळणी करून त्यावर मुद्रा घ्यावी लागते. मुद्रा नसलेला काटा व्यवहारात वापरणे गुन्हा आहे. उसाच्या काटामारीवरून सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्यांनी केलेल्या तक्रारी आणि आंदोलने आपण पाहिली आहेत. तिथे टनांचा प्रश्न, इथे मिलिग्रॅमचा. तत्त्व एकच.

पण वर्षातून एकदा येणारा निरीक्षक बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस काट्याजवळ उभा राहू शकत नाही. त्या दिवसांचा पहारा ज्याचे त्याने करायचा. म्हणून काट्यावर मजुरी ठरते अशा प्रत्येक ठिकाणी आम्ही चार गोष्टी मागतो. माल देणे आणि घेणे एकाच काट्यावर व्हावे. आकडा दोन्ही बाजूंना दिसावा. काट्याशेजारी मुद्रांकित वजन कायम ठेवलेले असावे, आणि ते काट्यावर ठेवून पाहायला कामगाराला कोणाची परवानगी लागू नये. आणि काट्याला कायद्याने जेवढी सूट आहे, तेवढा फरक कोणाच्याही नावे चोरी म्हणून मांडू नये.

ह्यांत मालकाचे काय जाते? शंभर ग्रॅमचे एक वजन आणि दिवसातली दोन मिनिटे. उलट त्याचाही फायदाच आहे. जो काटा आज कामगाराला कमी दाखवतो तो उद्या गिऱ्हाइकाला जास्त दाखवील आणि परवा मालकालाच बुडवील. बिघडलेला काटा कोणाच्या बाजूचा नसतो.

आणि आपण इथे बसलेले गिऱ्हाईक म्हणून सराफाकडे जातोच. उद्या दागिना मोडायला न्याल तेव्हा संकोच न करता म्हणा, ‘‘आधी तुमचे शंभर ग्रॅमचे वजन ठेवून दाखवा.’’ प्रामाणिक सराफ आनंदाने दाखवील. तो दाखवीत असेल तर त्याच दुकानात पुन्हा जा. नसेल तर पुढच्या दुकानाची पायरी फार लांब नसते.

१८८९ पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या एका धातूच्या नळकांड्यावर सगळ्या जगाचा किलो अवलंबून होता. त्याची ५७ व्या क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलो त्या नळकांड्यावर टेकलेला नाही. निसर्गातल्या एका स्थिरांकावरून तो ठरतो, जो कोणाच्या कपाटात कुलूपबंद ठेवता येत नाही. साऱ्या जगाने एवढा खटाटोप केला, आणि वजन आता कोणा एकाच्या ताब्यात राहिलेले नाही. आपल्या दुकानात, आपल्या भट्टीजवळ, शंभर ग्रॅमचे एक वजन सर्वांच्या हाताला येईल असे ठेवणे त्या मानाने अगदीच सोपे आहे. ते उद्यापासून करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.